मदत हवी आहे : सशाची पिल्ले दुधावरून कधी तोडावीत आणि मादीला पुन्हा नर कधी दाखवावा?

नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजाराजवळ राहतो आणि घराच्या गच्चीवर चार माद्या व एक नर पाळतो. त्यांपैकी एक मादी २ फेब्रुवारीला व्याली असून तिची सहा पिल्ले आज २६ दिवसांची आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून ती आईच्या भांड्यातला दाणा आणि लसूणघास, ज्याला इथे रजको म्हणतात, कुरतडू लागली आहेत. तरीही पहाटे आई आत शिरताच सगळी तिच्या पोटाखाली उताणी होऊन दूध पितात.

मागच्या वेळी मी २८व्या दिवशी पिल्ले तोडून त्याच दिवशी नव्या पिंजऱ्यात हलवली आणि दाणाही बदलला. चार दिवसांत दोन पिल्ले हगवणीने गेली, याचे मला अजून वाईट वाटते. म्हणून या खेपेस ३५ दिवस थांबावे, पिल्ले आहेत त्याच पिंजऱ्यात ठेवून फक्त आईला बाहेर काढावे आणि दाणा तोच ठेवावा, असा विचार आहे. हे योग्य होईल का?

दुसरा प्रश्न मादीचा. काही जण विण्यानंतर दहा-बारा दिवसांतच नर दाखवतात, पण ही मादी दूध पाजून खंगली आहे आणि पाठीचा कणा हाताला लागतो. पिल्ले तोडल्यावर लगेच नर दाखवला, तर गाभणकाळ साधारण ३१ दिवसांचा असल्याने ती ऐन एप्रिलच्या उन्हात विणार. अशा वेळी तिला पावसाळ्यापर्यंत विश्रांती द्यावी, की इतके थांबल्याने ती लठ्ठ होऊन गाभण राहण्यास अडचण येईल? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.