बाबांना ४७ व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर, आत्याला गर्भपिशवीचा, आता काकांना. आम्ही भावंडांनी जीन टेस्ट करायची का?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण अर्धवट सांगून काही उपयोग नाही म्हणून सगळंच लिहिते. माझ्या बाबांना ४७ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, केमो झाली आणि तीन वर्षांत ते गेले. तेव्हा सगळे म्हणाले नशीब. मग आत्याला ४४ ला गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला, लवकर कळला म्हणून पिशवी काढली आणि आज ती ठणठणीत आहे. आजोबा "पोटात गाठ होऊन" गेले एवढंच घरात सांगतात, कसली गाठ ते कुणालाच माहीत नाही, कागद तर नाहीतच. आणि आता गेल्या महिन्यात काकांना, वय ५२, उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालंय.

मी ३३ ची, भाऊ २९ चा. आम्हाला दोघांना काहीच त्रास नाही. मी जीन टेस्टचं नाव काढलं तर भाऊ म्हणतो मला कळूनच घ्यायचं नाही, आणि आई म्हणते कशाला नसतं खूळ डोक्यात घेतेस. मला दोन गोष्टी विचारायच्यात. आतड्याचा आणि गर्भपिशवीचा कॅन्सर यांचा काही संबंध असतो का? आणि मी रक्त देऊन टेस्ट केली नि निगेटिव्ह आली तर विषय संपला ना?

मेणबत्ती_लॅब:
ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण तिथेच बहुतेक जण फसतात. नाही, विषय संपत नाही. घरातल्या ज्याला कॅन्सर झालाय त्याच्यात जीनमध्ये नेमका कुठला बदल आहे हे माहीत नसताना तुमची निगेटिव्ह आली तर तिचा अर्थच लावता येत नाही, कदाचित तुमच्यात बदल नाही, कदाचित घरातला बदल त्या टेस्टला सापडणाराच नाही. म्हणून सुरुवात तुमच्यापासून नाही, काकांपासून करायची. नाहीतर आत्यापासून.

मी पॅथॉलॉजीत काम करतो. काकांची काढलेली गाठ मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेली असणार, तिच्यावर चार प्रोटीनचं इम्युनो, म्हणजे रंग देऊन प्रोटीन आहे की नाही ते बघायची तपासणी, करायला सांगा: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. ही चारही प्रोटीन डीएनएची कॉपी होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करतात. स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली की प्रोटीन असलेल्या पेशींचं केंद्रक तपकिरी दिसतं. ज्या गाठीत एखादं प्रोटीन नाही तिथे गाठीच्या पेशी निळ्याच राहतात आणि त्यांना अगदी चिकटून असलेल्या चांगल्या पेशी मात्र तपकिरी, एकाच स्लाइडवर दोन रंग शेजारी शेजारी. अशी स्लाइड समोर आली की मी रिपोर्ट पुढे जाण्याआधी डॉक्टरांना स्वतः जाऊन दाखवतो, कारण मला माहीत असतं की यामागे एक अख्खं घर असू शकतं.

एक लक्षात ठेवा, एमएलएच१ गेलेलं दिसलं म्हणजे लगेच आनुवंशिक असं नाही, वय झालेल्या लोकांत ते जीन नुसतं बंद पडूनही तसं दिसतं, ते ओळखायला बीआरएएफ (दुसरं एक जीन) किंवा मिथायलेशनची (जीन बंद करणारी रासायनिक खूण) पुढची तपासणी असते. आणि बाबांचा ब्लॉकसुद्धा विचारून बघा, मेणातले ब्लॉक बरीच वर्षं टिकतात.

सातवा_मजला:
ताई तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, आमच्या घराची हीच गोष्ट, फक्त आमच्याकडे आईकडून. मला लिंच सिंड्रोम आहे, म्हणजे वर सांगितलेल्या दुरुस्ती करणाऱ्या प्रोटीनच्या जीनमध्ये जन्मापासून बदल असल्याने कॅन्सरचा धोका वाढतो, माझ्यात एमएसएच२ च्या जीनमध्ये बदल. तर हो, आतडं आणि गर्भपिशवी यांचा संबंध आहे, एकाच जीनमुळे दोन्ही होतात, अंडाशयाचा, जठराचा, मूत्रमार्गाचाही होऊ शकतो. १८९५ साली वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की माझ्या घरातले सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भपिशवीच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. आणि ती गर्भपिशवीच्याच कॅन्सरने गेली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं, त्या बाईला सगळं कळत होतं आणि तिच्या हातात काहीच नव्हतं.

आपल्या हातात आहे. बदल असलेल्या आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो मुलगी असो. एमएलएच१ किंवा एमएसएच२ असेल तर साधारण २० ते २५ व्या वर्षापासून दर एक ते दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करतात, बाकीच्या दोन जीनमध्ये थोडी उशिरा सुरू केली तरी चालते. इतक्या लवकर लवकर का, तर साध्या पॉलिपचा (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढणारा छोटा कोंब) कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात आणि आमच्यात तेच दोन-तीन वर्षांत होऊ शकतं. मागच्या वेळी माझा सहा मिलिमीटरचा पॉलिप निघाला. आदल्या रात्री ते पोट साफ करायचं औषध ग्लासमागून ग्लास पीत बसले होते, पहाटेपर्यंत डोळा नाही, आणि सकाळी डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, हा बघा, काढला. बास एवढंच. आई ज्या वयात गेली त्या वयाची मी आता आहे.

भावाला जबरदस्ती करू नका पण टेस्ट केली नाही तरी कोलोनोस्कोपी तरी कर एवढं सांगा.

पाणंद:
वरचं सगळं बरोबर, थोडी भर घालतो, मी काउन्सेलिंगच्या बाजूने काम करतो. आजोबांचे कागद नाहीत म्हणून अडून बसू नका. लिंचचा संशय घ्यायचे जुने निकष असे होते की जवळच्या नात्यात तीन जण, दोन पिढ्या, एक तरी ५० च्या आत. तुमच्याकडे तीन जण आहेत पण एकाच पिढीतले, म्हणजे आजोबांची गाठ सिद्ध झाली नाही तर तुम्ही बसत नाही, आणि कुणीतरी "बसत नाही" म्हणून परत पाठवेल. अमेरिकेत ओहायो राज्यात २०१३ ते २०१६ मध्ये ५१ हॉस्पिटलांनी मिळून आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट तपासले. त्यातल्या ५० च्या आतल्या ४५० जणांपैकी ७२ जणांत, म्हणजे १६ टक्क्यांत, आनुवंशिक बदल निघाला, आणि त्या ७२ पैकी २४ जण आपापल्या जीनच्या टेस्टिंग निकषात बसतच नव्हते. म्हणूनच आता आतड्याची प्रत्येक गाठ तपासा असं सांगतात, घरचा इतिहास असो नसो.

आणि तपासून पुढे काय, असं आई विचारतील तर फिनलंडचं सांगा. तिथे लिंच असलेल्या २२ घराण्यांतल्या २५२ जणांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं. दर तीन वर्षांनी तपासणी करणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाला, त्यातलं कुणीही त्या कॅन्सरने गेलं नाही, न तपासलेल्यांत नऊ जण गेले. २००० साली छापून आलंय हे.

अजून एक, काकांच्या गाठीत ते प्रोटीन गेलेलं असेल आणि उद्या आजार पसरला तर इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) चांगली लागू पडण्याची शक्यता असते, त्यामुळे ही तपासणी काका फक्त तुमच्यासाठी करतायत असं नाही, त्यांनाही तसंच सांगा. तुमच्या भिडेपोटी नको.

निळीशाई:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री तीनदा वाचलं. आज काकांना फोन केला, घाबरत घाबरत सांगितलं तर ते म्हणाले अगं मग आधी का नाही बोललीस, माझीपण दोन पोरं आहेत. ते उद्या ऑन्कोलॉजिस्टशी बोलणार. आत्यापण रक्त द्यायला तयार आहे. आईला मी फिनलंडचे ते नऊ जण सांगितले, ती काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने उठली आणि कपाटातून बाबांची जुनी फाईल काढून दिली. तिच्यात बायोप्सीचा रिपोर्ट आहे, ब्लॉक नंबरसकट.

भाऊ अजून नाहीच म्हणतोय. @सातवा_मजला, चालत असेल तर तुमची ती पॉलिपची गोष्ट त्याला वाचायला देऊ का?

सातवा_मजला:
द्या की. आणि त्याला काही विचारायचं असेल तर सरळ मला मेसेज करू दे, कितीही वाजता.