मेदिनाचे 9.90 आणि इगाराशीचे 9.33: मोजपट्टी एकच आहे का?

काठावरून
माणसं तीच, लाट वेगळी. टोकियो ऑलिम्पिकमधल्या सर्फिंगची उपांत्य फेरी, 2021, त्सुरिगासाकीचा बीच ब्रेक, म्हणजे वाळूच्या तळावर लाट फुटते ती जागा. जपानचा कानोआ इगाराशी लाटेच्या कडेवरून हवेत उडाला, गिरकी घेतली आणि फळीवर पाय रोवून खाली आला. 9.33. ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना 17.00 विरुद्ध 16.76 असा हरला. ब्राझीलमध्ये त्यावरून काय रान उठलं होतं ते आठवत असेल.

तीन वर्षांनी पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग ताहितीत, तेआहुपोओला झालं (लिहितात असं, म्हणतात जवळपास 'चोपू'). तिसऱ्या फेरीत पुन्हा हेच दोघे. मेदिना बॅरलमध्ये, म्हणजे लाटेच्या पोकळ नळीत, गडप झाला, दोन्ही हातांची दहा बोटं दाखवत बाहेर आला. पंचांनी 9.90 दिले आणि इगाराशीची हीट, म्हणजे ठरावीक वेळेची लढत, तिथेच संपली.

आता निकष बघा. धाडस आणि अवघडपणा, नवं काही करणं, मोठ्या मूव्ह एकमेकींना जोडणं, विविधता, आणि वेग-ताकद-ओघ. चोपूला यातला पहिला सोडला तर बाकीचे जवळजवळ बेकार. बॅरलमध्ये कसली आलीय विविधता? आत किती खोल होतास, किती वेळ होतास, बाहेर आलास की नाही, संपलं. वाळूवर फुटणाऱ्या लाटेत नेमकं उलटं, तिथे उडी मारल्याशिवाय नऊच्या वर जाणं कठीण.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक ब्रेकसाठी वजन आधी जाहीर करा. इथे बॅरलला सत्तर टक्के, इथे एअरला, म्हणजे हवेतल्या उडीला, चाळीस, जे काही असेल ते. मनातल्या मनात वजन बदलायचं आणि कागदावर पाच निकष सारखे ठेवायचे, ही लपवाछपवी झाली.

मधलेतीन
अजिबात पटलं नाही. तुम्ही दोन वेगळ्या हीटचे आकडे शेजारी ठेवताय, तिथेच गफलत आहे.

पाच पंच शून्य ते दहामध्ये गुण देतात. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण काढून मधल्या तिघांची सरासरी घेतात (आयडी उगाच नाही घेतलाय). दोन सर्वोत्तम लाटांची बेरीज म्हणजे निकाल. हा आकडा त्या हीटच्या बाहेर कुठेच जात नाही. वर्षाच्या क्रमवारीत जातो तो स्पर्धेतला क्रमांक, 9.33 नव्हे. त्यामुळे चोपूचे नऊ आणि त्सुरिगासाकीचे नऊ सारखे असण्याची गरजच नाही. पंचांना एवढंच सांगायचं असतं की या पाण्यात, आत्ता, या दोघांपैकी सरस कोण.

आणि वजन ठिकाणाला लावता येत नाही. चोपू रोज चोपू नसतं. त्याच ऑलिम्पिकच्या महिलांच्या अंतिम फेरीचा निकाल आठवा: कॅरोलिन मार्क्स 10.50, तातियाना वेस्टन-वेब 10.33. पाण्यात जोर नव्हता, लाटा मोजक्याच येत होत्या. तुमचं सत्तर टक्क्यांचं कोष्टक त्या दिवशी कोणाच्या डोक्यावर आपटायचं? स्वेल, म्हणजे दुरून येणाऱ्या लाटांचा जोर, बदलतो, भरती-ओहोटी होते, वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहायचा तो उलटा होतो. तासाभरात ब्रेक दुसराच होतो.

काठावरून
ठीक, मग रोज सकाळी जाहीर करा. स्पर्धा घ्यायची की नाही हे सकाळीच ठरतं ना? त्याच वेळी मुख्य पंचांनी सांगावं, आज आम्ही कशाला मानणार आहोत.

आणि 'आकडा बाहेर जात नाही' हे तांत्रिकदृष्ट्या खरं, पण आठच्या वर 'उत्कृष्ट' असं नाव कोण देतं? स्पर्धावालेच. विक्रमांच्या याद्या कोण करतं? 2005 मध्ये चोपूच्या अंतिम सामन्यात केली स्लेटरने वीसपैकी वीस घेतले, ते आजही सांगितलं जातं. आकडा हीटमध्येच मरतो म्हणायचं आणि त्याची पूजा वीस वर्षं करायची?

खारा_वारा
तुम्ही दोघं निकषांवर भांडताय. चोपूसारख्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या तळावर, निकष कामाला येण्याआधीच निकाल लागलेला असतो.

पॅरिसचंच घ्या. उपांत्य फेरीत मेदिनाला जेमतेम एकच लाट मिळाली, संपूर्ण हीट तो पाण्यात बसून राहिला. जॅक रॉबिन्सन जिंकला आणि अंतिम फेरीत त्याच्यावरही तीच पाळी आली. कौली वास्तने सुरुवातीलाच 9.50 आणि 8.17 घेतले. रॉबिन्सनच्या नावावर शेवटपर्यंत 7.83, म्हणजे एका लाटेचे गुण. दुसरी लाट आलीच नाही. पंचांनी काय तोलायचं? समुद्र?

बीच ब्रेकवर वाळूचे उंचवटे चार ठिकाणी असतात, इथे नाही तर शंभर मीटर सरकून नशीब बघता येतं. प्रवाळावर लाट एकाच जागी फुटते. तिथे प्रायॉरिटी कोणाकडे, यावर सगळं. ज्याच्याकडे ती असते तो कुठलीही लाट घेऊ शकतो, दुसऱ्याने आड यायचं नाही. बॅरल वगैरे नंतर.

मधलेतीन
कुठली लाट घ्यायची आणि कुठली सोडायची हे कौशल्य नाही का? वास्त तिथलाच आहे, ती लाट लहानपणापासून बघतोय. त्याने योग्य वेळी योग्य जागी असणं याला नशीब म्हणणं अन्याय आहे.

खारा_वारा
लाट निवडायला आधी लाट यावी लागते हो.

फेसाळ
मला वेगळंच विचारायचंय. पायांचं काय? उजवा पाय पुढे ठेवणारा, म्हणजे गूफी, डावीकडे जाणाऱ्या लाटेत छातीने लाटेकडे बघतो. उजवीकडच्या लाटेत त्याची पाठ असते. जेफ्रीज बे हा दक्षिण आफ्रिकेतला लांबलचक उजवा पॉइंट ब्रेक, म्हणजे किनाऱ्याच्या टोकाला धरून लाट एकाच दिशेला फुटत जाते ती जागा. तिथे 1984 मध्ये मार्क ओकिलुपो जिंकला आणि त्यानंतर पुढचा गूफी विजेता थेट 2019 मध्ये, हाच आपला मेदिना. गंमत म्हणजे त्या अंतिम फेरीत समोर इटालो फेरेरा, तोही गूफी.

मधल्या पस्तीस वर्षांत सगळे गूफी वाईटच खेळले का? की लाटेच्या लांब भिंतीवर पाठीकडून सरळ वर जाऊन मारलेला फटका पंचांच्या डोळ्यांना 'ओघ' वाटतच नाही? समोरून घेतलेला कटबॅक, म्हणजे फुटत्या लाटेकडे परत घेतलेलं वळण, लोण्यातून सुरी फिरावी तसा दिसतो. पाठीकडून तेवढंच अवघड काम केलं तरी झटका दिसतो. 'अवघडपणा' हा निकष असेल तर पाठ असलेल्याला थोडं झुकतं माप मिळायला हवं.

काठावरून
हे मला सुचलं नव्हतं. माझ्याच बाजूचा मुद्दा आहे हा. पॉइंट ब्रेकवर 'ओघ' राजा आहे हे कुठेही लिहिलेलं नाही, तरी सगळ्यांना माहीत आहे.

मधलेतीन
तुमच्या बाजूचा नाही, विरुद्धचा आहे. त्याच जेफ्रीज बेला 2017 मध्ये फिलिपे टोलेडोने एकाच लाटेवर दोन अ‍ॅली-ऊप, म्हणजे हवेत गिरकी घेतलेल्या उड्या, मारले. पॉइंट ब्रेकवर, जिथे म्हणे फक्त रेलवरचे, म्हणजे फळीच्या कडेवरचे, लांब टर्न चालतात. पंचांनी दहा दिले. सकाळी फळ्यावर 'एअरला दहा टक्के' असं लिहून ठेवलं असतं तर? एकतर टोलेडोने ते केलंच नसतं, किंवा पंचांना स्वतःचाच फळा पुसावा लागला असता.

वजनं जाहीर केली की खेळाडू वजनांसाठी खेळतो. लाटेसाठी नाही.

फेसाळ, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडे नाही. पाठीकडून असल्याचे सरसकट जास्त गुण दिले तर उद्या लोक पाय बदलून उभे राहतील, एवढंच म्हणतो.

फेसाळ
पाय बदलून जेफ्रीज बे करून दाखवणाऱ्याला मी स्वतः दहा देईन.

खारा_वारा
बरं, समुद्रच काढून टाकू. कॅलिफोर्नियात लेमूरला स्लेटरचा कृत्रिम लाटेचा तलाव आहे. लाट यंत्राने येते, सगळ्यांना सारखी, डावी ठरलेली, उजवी ठरलेली. नशीब नाही, प्रायॉरिटी नाही, वारा सोडला तर काहीच बदलत नाही. वाद मिटायला हवा होता ना? तिथेच 2023 मध्ये ग्रिफिन कोलापिंटोने फेरेराला हरवलं आणि मेदिना, फेरेरा, टोलेडो तिघांनीही पंचांविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. सातत्य नाही, स्पष्टता नाही, म्हणून.

म्हणजे मी मघाशी समुद्राला दोष देत होतो तो थोडा मागे घेतो.

काठावरून
धन्यवाद. हेच मी पहिल्या प्रतिसादापासून सांगतोय. लाट सारखी केली तरी भांडण उरतं, म्हणजे भांडणाचं मूळ निकषांत आहे.

मधलेतीन
मला उलटं दिसतं. समुद्रात लाटाच वेगळ्या असतात, त्यामुळे पाव गुणाचा फरक कोणाच्या डोळ्यात येत नाही. तलावात लाट तीच, म्हणून प्रत्येक टर्नची शेजारी शेजारी तुलना होते आणि पाव गुणसुद्धा टोचतो. पंच तेच आहेत, फक्त उजेड जास्त पडला.

तरी एक मान्य करतो. हीट संपल्यावर मुख्य पंचांनी दोन वाक्यांत कारण द्यावं. 'अमुक लाटेला जास्त दिले, कारण ड्रॉप, म्हणजे लाटेवरून खाली उतरणं, उशिरा होता.' वजनं आधी नकोत, कारणं नंतर द्या. यात कोणाचं काही बिघडत नाही.

काठावरून
नंतर दिलेलं कारण निकालाला चिकटवलेलं असतं, पण चला, काहीच नसण्यापेक्षा बरं. माझी टक्केवारी मी मागे घेतो. टोलेडोच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. सकाळच्या घोषणेवर मात्र ठाम आहे. टक्के नकोत, पण 'आज बॅरल आहेत, बाहेर न पडलेल्या बॅरलला काही मिळणार नाही' एवढं सांगायला काय जातं?

खारा_वारा
टोलेडोचं नाव निघालंच आहे तर. 2015 मध्ये चोपूला एका हीटमध्ये त्याच्या नावावर शून्य गुण होते. हाच माणूस 2022 आणि 2023 चा जगज्जेता. कारण तेव्हा जगज्जेता ठरवणारी वर्षाची शेवटची लढत कॅलिफोर्नियातल्या ट्रेसल्सला व्हायची. गोट्यांच्या तळावरची, गुळगुळीत, टर्न आणि एअरला बनवल्यासारखी लाट, बॅरलचा पत्ता नाही. 2021 ते 2024 चारही वर्षं तिथेच. 2025 मध्ये फिजीला क्लाउडब्रेकवर नेली, तर ती रीफ.

पंचांच्या टक्केवारीवर आपण इतका वेळ घालवला. जागा कोण ठरवतं, यावर कोणी धागा काढणार आहे का?

फेसाळ
तुम्हीच काढा. मी पहिला प्रतिसाद विरोधात देतो.