मदत हवी आहे: मिलानमध्ये डिझाइन हॉटेल, दुओमो, तोर्तोना की ब्रेरा भाग?

ऑक्टोबरमध्ये दोघांसाठी चार रात्री. सप्टेंबरचा फॅशन वीक आणि एप्रिलचा सालोने देल मोबिले (फर्निचर मेळा) मुद्दाम टाळलेत, त्या दिवसांत भाडी भलतीच चढतात.

दोन पर्याय उरलेत. दुओमोजवळचं (मुख्य कॅथेड्रल) रूम मेट जुलिया: डिझायनर पात्रिचिया उर्किओलाचं इंटिरियर, गॅलरीया ही जुनी शॉपिंग आर्केड शेजारीच. दुसरं तोर्तोनातलं न्हाऊ: कारखान्यांच्या जुन्या वस्तीत, पोर्ता जेनोव्हा मेट्रो जवळ, पण नाविल्यी या कालव्यांकाठच्या भागाचा रात्रीचा गोंगाटही फार लांब नाही. ब्रेरात मनासारखं काही सुचत असेल तर तेही सांगा. तिथून लान्झा मेट्रो स्टेशन गाठता येतं, आणि विमानतळाची माल्पेन्सा एक्सप्रेस जिथे उतरवते ते कादोर्ना तिथून एकच स्टेशन.

कोणी राहिलंय का? नेमकं हवंय ते असं:
– आतल्या चौकाकडची खोली मागितली तर मिळते का? रस्त्याकडच्या खोलीत ट्रामचा खडखडाट किती?
– 'मात्रिमोनियाले' (डबल बेड) म्हणून बुक केल्यावर खरंच एकसंध गादी, की दोन सिंगल जोडलेल्या?
– सर्वांत स्वस्त खोलीत दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवता येतात का?

शहर कर माणशी, रात्रीगणिक वेगळा लागतो, तो धरलाय. फोटो बघून ठरवा म्हणू नका, वाइड अँगलमध्ये माळाही हॉल दिसतो!