माँटगोमेरी काउंटी : बस फुकट झाली, पण थांब्यापर्यंत पोहोचायचे कसे?

रॉकव्हिलकर

मेरीलँडमधील आमच्या माँटगोमेरी काउंटीने २०२५ च्या जूनअखेरीस ‘राइड ऑन’ बसचे तिकीट पूर्णपणे रद्द केले. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र आधीचे तिकीट जेमतेम एक डॉलरचे होते आणि त्या डॉलरपायी लोक बसपासून दूर राहिले होते, असे मला वाटत नाही. खरी अडचण थांब्यावर आहे. जॉर्जिया अ‍ॅव्हेन्यू किंवा व्हिअर्स मिल रोडसारख्या रुंद रस्त्यांवर जाण्याचा थांबा एका बाजूला आणि येण्याचा दुसऱ्या बाजूला असल्याने प्रत्येक प्रवाशाला दिवसातून एकदा तरी तो रस्ता ओलांडावाच लागतो, आणि अनेक ठिकाणी जवळचा सिग्नल इतका दूर असतो की माणूस तेथवर न जाता मधूनच निघतो. भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या, गाडी न चालवणाऱ्या आईवडिलांना विचारून पाहा. म्हणून बससेवा आणि रस्तासुरक्षा यांचे हिशेब वेगळे ठेवणे मला चुकीचे वाटते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रतिष्ठानाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ताशी २३ मैल वेगाच्या गाडीची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता सरासरी १० टक्के असते, तर ४२ मैलांना ती ५० टक्क्यांवर जाते. माझी मागणी अशी, की या दोन रस्त्यांवर प्रत्येक दिशेची एक मार्गिका केवळ बससाठी राखावी आणि थांब्यांच्या प्रत्येक जोडीपाशी सिग्नल असलेले ओलांडस्थळ द्यावे.

क्लार्क्सबर्गकर

आपली कळकळ समजते, पण आम्ही काउंटीच्या उत्तरेकडचे लोक हौसेने गाडी चालवत नाही. क्लार्क्सबर्गच्या १९९४ च्या विकास आराखड्यात जलद सार्वजनिक वाहतुकीचा स्वतंत्र मार्ग दाखवलेला होता. घरे उभी राहिली, तो मार्ग अजून धावलेला नाही. वॉशिंग्टन मेट्रोची रेड लाइन १९८४ मध्ये शेडी ग्रोव्हपर्यंत, म्हणजे आमच्या बरीच अलीकडे, आली आणि तिथेच थांबली. पर्याय न देता असलेल्या मार्गिका काढून घेणे म्हणजे आमची दुहेरी कोंडी आहे. हत्यारांची पेटी घेऊन तीन घरी जाणारा प्लंबर किंवा रात्रपाळी संपवून निघालेली परिचारिका कोणत्या बसने जाणार? ओल्ड जॉर्जटाउन रोडवर गाड्यांची जागा कमी करून सायकलमार्गिका आखल्या; मी जेव्हा जेव्हा तेथून जातो, तेव्हा त्या बहुधा रिकाम्याच दिसतात. आणि २०२० पासून रूट २९ वर धावणारी ‘फ्लॅश’ ही जलद बस सिल्व्हर स्प्रिंगच्या बाजूला आमच्याच गाड्यांच्या रांगेत उभी असते. एवढा खर्च करून काय साधले?

रॉकव्हिलकर

ओल्ड जॉर्जटाउन रोडवर २०१९ आणि २०२२ मध्ये सायकलवरची दोन तरुण मुले दगावली. दोघेही रस्त्यावर नव्हे, तर पदपथावर होते. अरुंद पदपथावरून तोल जाऊन ती थेट वाहत्या गाड्यांपुढे पडली. पदपथ आणि गाड्या यांच्यात अंतर निर्माण करणे हेही त्या मार्गिकांचे काम आहे, त्यामुळे केवळ सायकली मोजून त्यांचा निकाल लावता येणार नाही. ‘फ्लॅश’चे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे : उत्तरेत तिला कडेची पट्टी मिळाली, दक्षिणेत काहीच मिळाले नाही, आणि ती दक्षिणेतच अडकते.

मुक्काम गेथर्सबर्ग

दोघेही डांबर आणि काँक्रीटवर भांडत आहात. मेरीलँडमध्ये वेगमापक कॅमेरे सर्वप्रथम याच काउंटीत, २००७ मध्ये, बसले. विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने या काउंटीचाच अभ्यास केला, तेव्हा अपघातात मृत्यू किंवा अपंगत्व आणणारी दुखापत होण्याची शक्यता १९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा उपाय लवकर होतो आणि मार्गिकाही शाबूत राहतात. शिवाय आपण ज्या दोन रस्त्यांची नावे घेतलीत, ते राज्याच्या अखत्यारीत आहेत. काउंटीने कितीही ठराव केले तरी राज्य महामार्ग प्रशासनाच्या संमतीवाचून तेथे साधा पट्टाही आखता येणार नाही.

रॉकव्हिलकर

कॅमेरे हवेतच. पण मर्यादेहून ताशी १२ मैल अधिक वेग झाल्याखेरीज कॅमेऱ्याचा दंड लागत नाही, म्हणजे ३५ च्या रस्त्यावर ४६ ने जाणारा निर्धास्त सुटतो. पादचारी दगावण्याचे वरचे आकडे पुन्हा वाचावेत.

क्लार्क्सबर्गकर

थांब्यापाशी सिग्नल द्या, त्याला माझा विरोध नाही. तिथे मिनिटभर थांबायला मी तयार आहे. बसच्या मार्गिकेला मात्र विरोध आहे. आधी दर दहा मिनिटांनी बस सोडून दाखवा, लोक बसू लागले की मार्गिका मागा.

रॉकव्हिलकर

हा क्रमच उलटा आहे. एका बसची फेरी जाऊन-येऊन साठ मिनिटांत होत असेल, तर दहा मिनिटांच्या अंतराने सेवा द्यायला सहा बस पुरतात. तीच बस गर्दीत अडकून नव्वद मिनिटे घेऊ लागली, तर त्याच सेवेसाठी नऊ बस आणि त्या प्रमाणात अधिक चालक लागतात; प्रवाशाला मात्र त्यातून काहीच जादा मिळत नाही. आता तर तिकिटाचे उत्पन्नही नाही, त्यामुळे हा सगळा भार आपल्या करावरच येणार.

क्लार्क्सबर्गकर

गणित मान्य. मग केवळ गर्दीच्या वेळेपुरती, तीही फक्त व्हिअर्स मिलवर, मार्गिका राखा, आणि आधीचे व नंतरचे दोन्ही प्रवासवेळ जाहीर करा, बसचेही आणि गाड्यांचेही. ते पाहिल्याशिवाय आमच्याकडे येणाऱ्या रूट ३५५ या रस्त्यावरील बसमार्गिकेला मी पाठिंबा देणार नाही.