एका दिवसात ऑक्सफर्ड, चौतीस डोकी: तुमचे अनुभव लिहा

खजिनदारीण (धागाकर्ती)

मंडळी, लंडनमधल्या आमच्या विद्यापीठातल्या मराठी मुलामुलींची ऑक्सफर्डला एक दिवसाची सहल ठरतेय. चौतीस जण, शनिवार, आणि वर्गणी जरा वर गेली की निम्मे गळणार हे नक्की. मीटिंगला मी उशिरा पोचले, तोवर सगळं माझ्या गळ्यात पडलं होतं. सध्या माझ्या एक्सेल शीटमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात अकरा ठिकाणं कोंबलेली आहेत. काय बघावं हे कुठेही वाचायला मिळतं. तुम्ही गट घेऊन गेलात तेव्हा काय झालं ते लिहा. फजितीसकट.

पायपीट

अकरा? मी सात ठेवली होती, झाली तीन.

आम्ही सव्वीस जण होतो. बोडलियन ग्रंथालयाची डिव्हिनिटी स्कूल (तिथलं एक जुनं दालन) बघायची म्हणून सगळ्यांना उपाशी पळवत नेलं. पंधराव्या शतकातलं दगडी छत आहे, मी आदल्या रात्री त्यावर टिपणंसुद्धा काढली होती. दारात पाटी: आज बंद. शेजारच्या शेल्डोनियन सभागृहात पदवीदान होतं. काळ्या गाउनमधली मुलं, फोटो काढणारे आईबाप, आणि आमची वरात भलत्याच लग्नात शिरल्यासारखी उभी. असे समारंभ बरेचदा शनिवारीच असतात, त्यामुळे तिकिटं काढण्याआधी त्या तारखेला काय काय बंद आहे ते प्रत्येक जागेच्या साइटवर बघा. मी तिकिटं काढल्यावर बघितलं. म्हणजे बघितलंच नाही.

मग शेल्डोनियनच्या बाहेर कुंपणावर दाढीवाली दगडी मुंडकी आहेत, त्यांच्यासमोर बसून पराठे खाल्ले. कुठलं मुंडकं आपल्या कुठल्या सरांसारखं दिसतं यावर पाऊण तास गेला. इमारत क्रिस्टोफर रेनची, १६६९ साली पुरी झालेली. ते ऐकायला कुणी तयार नव्हतं.

उंबरठा

कॉलेजांच्या दारांबद्दल लिहिते. आपल्या डोक्यात 'कॅम्पस' असतो: एक गेट, आत सगळं. इथे तसं नाही. चाळीसेक कॉलेजं गावभर विखुरलेली, प्रत्येकाची भिंत वेगळी, वेळ वेगळी, तिकीट वेगळं. काही दुपारनंतरच उघडतात. परीक्षांच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, कधी कधी दारातच 'क्लोज्ड टू व्हिजिटर्स'. मोठा गट दिसला की दारावरचे पोर्टर काका आधी मान हलवतात, मग बोलतात. म्हणून आधी ईमेल करून विचारा, आणि उत्तराचा प्रिंट जवळ ठेवा. आमच्या वेळी फोनची बॅटरी त्याच क्षणी गेली होती.

क्राइस्ट चर्चचं वेळेचं तिकीट काढलं होतं. मुलांना जादूगार पोराच्या सिनेमातलं जेवणघर बघायचं होतं. ते जेवणघर स्टुडिओत बांधलेलं, फक्त या हॉलवर बेतलेलं. हॉलकडे जाणाऱ्या जिन्यावर मात्र खरंच चित्रीकरण झालंय. शिवाय हॉल अजून चालू आहे, दुपारी विद्यार्थी जेवतात तेव्हा बाहेरच्यांना बंद. आम्ही बरोबर साडेबाराला पोचलो. जिन्याचे फोटो भरपूर आहेत माझ्याकडे.

रिकामटेकडा

संध्याकाळी परतताना आमच्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, "कॉलेजं बघितली, लायब्ररी बघितली, पण युनिव्हर्सिटी कुठाय?" सगळे हसले, कारण युनिव्हर्सिटी म्हणजे हे सगळं मिळूनच. नंतर कळलं की गिल्बर्ट राइल नावाच्या ऑक्सफर्डच्याच तत्त्वज्ञाने नेमकं हेच उदाहरण घेऊन १९४९ साली मोठा सिद्धांत मांडला होता. आमच्या पोराला कुणी विचारत नाही.

हिशेबी

पैशांचं. पॅडिंग्टनहून रेल्वेला तासभर लागतो. तीन ते नऊ जण एकत्र प्रवास करत असतील तर ग्रुपसेव्हमध्ये एक तृतीयांश सूट. चौतीस म्हणजे ९, ९, ८, ८ असे चार गट करा. १६-२५ रेलकार्डवरही तेवढीच सूट, पण एकावर एक दोन्ही मिळत नाहीत. अ‍ॅशमोलियन आणि पिट रिव्हर्स ही दोन्ही संग्रहालयं फुकट. वर्गणी तिथे वाचवा, एका कॉलेजवर खर्च करा.

पाटीपेन्सिल

मी शिक्षिका. आम्ही खासगी बस केली होती. बस गावात उभी करून ठेवू देत नाहीत, सेंट जाइल्सच्या रस्त्यावर उतरवायचं आणि बसने गावाबाहेर रेडब्रिजला जाऊन उभं राहायचं. म्हणजे पाच म्हणजे पाच. पाच वाजता बस आली, धोक्याचे दिवे लावून उभी राहिली, आणि दोन मुली नाहीत. ड्रायव्हर काहीच बोलला नाही, फक्त घड्याळ लावलेला हात स्टिअरिंगवर माझ्या बाजूला ठेवला. मुली कव्हर्ड मार्केटमध्ये होत्या. ते मार्केट १७७४ पासून आहे, अजून दहा मिनिटं थांबलं असतं की!

तेव्हापासून एक करते. जमायची जागा कारफॅक्सचा चौक, आणि मोजणी चालू असताना एक गोष्ट. तिथल्या बँकेच्या भिंतीवर पाटी आहे: इथे एक दारूचा गुत्ता होता. १० फेब्रुवारी १३५५ ला दोन विद्यार्थ्यांनी दारू भिकार आहे म्हणून गुत्तेवाल्याशी भांडण काढलं आणि गाव विरुद्ध विद्यापीठ अशी दंगल पेटली. ६३ विद्यार्थी गेले, गावचेही तिसेक. त्याचं प्रायश्चित्त म्हणून गावच्या मेयरने दरवर्षी मेलेल्या दर विद्यार्थ्यामागे एक पेनी भरायची, ते १८२५ पर्यंत चाललं. गोष्टीचा शेवट चुकू नये म्हणून मुलं वेळेवर येतात. उशिरा आलेल्याला कुणी परत सांगत नाही, हीच शिक्षा.

जुनाजाणता

तुमचा गट मराठी आहे म्हणून लिहितो. सगळे 'रॅडक्लिफ कॅमेरा' नावाच्या गोल ग्रंथालयाच्या घुमटासमोर फोटो काढतात, काढा. पण ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला मान वर करा. एका छपरावर वातकुक्कुटाच्या जागी हत्ती आहे. ती जुनी इंडियन इन्स्टिट्यूट, संस्कृत कोशवाल्या मोनियर विल्यम्सनी उभारलेली. मी दाखवला तेव्हा वारा नव्हता, हत्ती ढिम्म. एक मुलगी म्हणाली, "आपलाच आहे, रविवारचा."

सेंट जाइल्सवरून जरा उत्तरेला सॉमरव्हिल कॉलेज. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये इथे आली. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली बाई. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. आमच्यातल्या मुली तिथे गप्प झाल्या. एकीने फक्त विचारलं, "मधली तीस वर्षं ती काय लिहायची नावापुढे?"

आणि हॉलिवेलचं कबरस्तान. गवत गुडघ्याएवढं, बूट भिजतात. मॅक्स म्युलर तिथे आहेत. जन्मभर ऋग्वेद केला, भारतात कधी पाऊल ठेवलं नाही. टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा सुटकेच्या अर्जावर म्युलर यांचंही नाव होतं. चौतीस जणांना नेऊ नका मात्र. ज्यांना यायचंय तेवढेच.

पायपीट

जुनाजाणता, हे आधी का नाही लिहिलंत? मी त्या हत्तीखालून दोनदा गेलोय.

ओली चप्पल

पंटिंग! मॅग्डलेन पुलाखाली काठीने ढकलायच्या होड्या मिळतात. (उच्चार 'मॉडलिन'. मी 'मॅगडालेन' म्हटल्यावर तिकीटवाल्याने प्रेमाने दुरुस्त केलं.) एका होडीत पाचेक जण. केंब्रिजला मागच्या फळीवर उभं राहतात, इथे होडीच्या आत, तिच्या उतरत्या टोकाशी. काठी चिखलात रुतली की काठी सोडायची आणि होडीत राहायचं. माझ्या मित्राने काठी धरून ठेवली. होडी गेली. तो राहिला, काही सेकंद.

पाऊस आला तर पिट रिव्हर्स. तिथे वस्तू देशवार नाहीत, प्रकारवार: जगभरची वाद्यं एकत्र, जगभरची कुलपं एकत्र. अंधारं, खच्चून भरलेलं. दोन तास कुठे गेले कळलं नाही, आणि कपडेही वाळले.

खजिनदारीण

सगळ्यांचे आभार, शीट परत लिहिली. क्राइस्ट चर्च सकाळी लवकर, एका दमात. मग हत्ती, सॉमरव्हिल, दुपारी पिट रिव्हर्स. पंटिंग ज्याचं त्याने, आपापल्या पैशाने. कबरस्तानासाठी सहा जणांनी आत्ताच नावं दिलीत. पाटीपेन्सिल, दंगलीची गोष्ट ढापतेय.

पायपीट, तुमचं वाचून तारीख तपासली. आमच्या शनिवारी पदवीदान आहे. पुढचा शनिवार धरलाय. त्यात एक जण वाढला, म्हणजे हिशेबी, ९, ९, ९, ८. बरोबर ना?