२००३ ची मारुती ८०० ऑइल पितीय, गॅरेजवाला हाफ इंजिन म्हणतोय, काय करू?

रंकाळा_८००:
नमस्कार मंडळी. घरात २००३ ची मारुती ८०० आहे, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनची), वडिलांनी नवी घेतलेली, मीटरवर १ लाख १८ हजार. वडील गेल्यावर दोन वर्षं दारातच उभी होती, दिवाळीपासनं मी चालवायला लागलोय (वय २६, गाडीतलं अजून फार कळत नाही) आणि ही गाडी काही झालं तरी विकायची नाही मला. अडचण अशी की सकाळी पहिल्यांदा चालू केली की मागनं निळ्या धुराचा एक लोट येतो, मग नाही येत. हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर ऑइल वर टाकावं लागतंय. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन (म्हणजे इंजिन खोलून बोअर आणि रिंगांचं काम) करावं लागणार, २५ हजार. दुसरा म्हणतोय कशाला खोलताय, २०डब्ल्यू-५० (जाड ऑइल) घाला, धूर बसतोय. गावाकडं चुलते म्हणतात ट्रॅक्टरचं ऑइल उरलंय ते घाल. आता ऑइल कुठलं, फिल्टर कुठला, आणि इंजिन खोलायचं का नाही, सांगा प्लीज.

उद्यमनगरकर:
पोरा, तपासल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नको कुणाला. ३१ वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडर) आणि हेडची (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्हचा भाग) कामं केलीत, आमच्याकडं बोअरला ब्लॉक यायचे त्यातल्या कितीतरी ब्लॉकांत होनिंगचे (कंपनीत बोअर घासताना पडलेले) तिरके चरे जसेच्या तसे दिसायचे, बोटानं चाचपलं तर वरच्या टोकाला कड पण लागायची नाही, म्हणजे बोअर झिजलेलाच नव्हता आणि गिऱ्हाईक मात्र पैसे भरून मोकळं. फार वाईट वाटायचं.

तुझी गाडी सकाळीच धूर टाकतीय ना, मग माझा पहिला संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या रबरावर. दोन वर्षं उभ्या गाडीत ते रबर कडक होतं, रात्रभर हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरनं थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी एकदम जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढाला, लोड आला की धूर आला असता. अजून एक करून बघ. पन्हाळ्यावर जा, खाली उतरताना गिअरमध्येच ठेव, ॲक्सिलेटरवरनं पाय काढ, आणि वाघबिळाजवळ सपाटीला आल्यावर पाय दाब, मागं बसलेल्याला धूर बघायला सांग. तेवढ्यालाच निळा लोट आला तर सीलच. उतारावर इंजिनात व्हॅक्यूम वाढतो आणि तो ऑइल आत ओढतो.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब गेज लावून मोजायचा. तिन्ही प्लग काढून एकेका सिलिंडरचा आकडा लिहून घे, मग प्रत्येकात चमचाभर ऑइल घालून परत घे. ऑइल घातल्यावर आकडा चांगला चढला तर रिंगा गळतायत, नाही चढला तर दोष वर व्हॉल्व्हकडं. अर्ध्या तासाचं काम आहे, ते न करता जो हाफ इंजिन सांगतो त्याच्याकडं गाडी सोडू नको. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ-धूर परत आत ओढणारा) पण साफ करून घे, तो तुंबला तरी गाडी ऑइल खाते.

ऑइल २०डब्ल्यू-४० घाल, मिनरल, चांगल्या कंपनीचं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा आणि नंतरचा तापलेल्या इंजिनातला. कोल्हापुरात थंडी ती केवढी, म्हणून २० नं काही अडत नाही. ५० घातलं तर धूर थोडा लपेल, बिघाड आहे तिथंच राहील. चुलत्यांना नमस्कार सांग, पण ट्रॅक्टरचं ऑइल नको, ते डिझेल इंजिनासाठी बनवलेलं असतं. डब्यावर एपीआयच्या (ऑइलचा दर्जा सांगणारी खूण) पुढं एस बघायचा, एसएल, एसएन असा, एस म्हणजे पेट्रोल आणि सी म्हणजे डिझेल.

शाहूपुरी_स्पेअर्स:
काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फिल्टरचं बोलतो कारण दुकानात रोज तेच बघतो. पन्नास-साठ रुपये वाचवायला लोक बिननावाचा फिल्टर घेतात. चांगल्या फिल्टरला आत रबराचा पडदा असतो, गाडी बंद केली तरी ऑइल फिल्टरातच थांबतं, हलक्यात तो पडदा नीट बसत नाही मग सकाळी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद वर टकटक ऐकू येते. ओरिजिनल घ्या, बिल घ्या. जुना फिल्टर काढला की त्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलंय का हात फिरवून बघा, त्याच्यावर नवीन बसवला तर सगळं ऑइल रस्त्यावर. नवीन रबराला बोटानं ऑइल लावायचं, टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा, पाना लावून आवळू नका. ड्रेन नटचा वायसर नवा टाका. ऑइल तीन लिटरच्या आतच लागतं, पण डबा पालथा करू नका, ऑइल मोजायची पट्टी बघत बघत भरा.

आणि एअर फिल्टर. कारखाने चालू असले की आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची काय धूळ असते बघताय ना, त्या सीझनला महिन्यातनं एकदा काढून बघाच.

झेनवाली_राजारामपुरी:
माझी १९९९ ची झेन आहे, म्हणून सांगते. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर लगेच हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट) गेलं असं समजू नका, मला एकानं तसंच घाबरवलं होतं. घर ते शाहूपुरी एवढंच चालवत होते, इंजिन नीट तापतच नव्हतं, आतली वाफ साठायची. रेडिएटरचं पाणी अजिबात कमी होत नव्हतं आणि पट्टीवर ऑइल स्वच्छ होतं, त्यावरनं कळलं. कागलपर्यंत दोन-तीनदा जाऊन आले, गेली साय. पट्टीवरच दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका.

तुमची दोन वर्षं उभी होती ना, मग ऑइलच्या आधी टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) बघा, कधी बदललाय माहीत नसेल तर सरळ बदला. आणि पेट्रोलचे रबरी पाईप. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं आहे आणि शेतकऱ्याला त्यातनं चार पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट, पण तेव्हाची रबरं त्यासाठी बनवलेली नव्हती. माझा टाकीकडचा पाईप मुडपला तर बारीक भेगा दिसल्या आणि बोटाला पेट्रोलचा वास. बदलून घेतला त्याच दिवशी, आगीशी खेळ नको.

रंकाळा_८००:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी पन्हाळ्याला गेलो, मित्र मागं काच खाली करून बसलेला, वाघबिळाजवळ पाय दाबला आणि तो ओरडलाच, आला आला! काल एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं कॉम्प्रेशन बघितलं. पहिला आणि तिसरा सारखे, दुसरा १५ पीएसआयनं कमी, ऑइल घातल्यावर पण दुसरा फक्त दोनच चढला. ते म्हणाले रिंगा चांगल्या आहेत, हेड उतरवून व्हॉल्व्ह घासायचे आणि सील टाकायचे, बेल्ट त्यातच होईल. सगळं धरून साडेआठ हजार सांगितलंय. काका, हेड खोलल्यावर मी काय बघू?

उद्यमनगरकर:
समोर उभा राहा. हेडची खालची बाजू सपाट आहे का ते सरळ लोखंडी पट्टी आडवी-तिरकी लावून दाखवायला सांग. दुसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात घे, बसायच्या कडेवर काळा खड्डा दिसेल बहुतेक. व्हॉल्व्ह घासून झाले की हेड पालथं करून त्यात पेट्रोल ओतायचं, दहा मिनिटं ठेवायचं, पोर्टमधनं थेंब आला नाही तरच बसवू दे. गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातनं जाते ती नळी) ढिला असेल तर नुसत्या सीलनं भागणार नाही, दांडी हलवून बघ. हेड बोल्ट टॉर्क पान्यानंच (जोर मोजून आवळायचा पाना) आवळायला लाव. ऑइल नवीन भर आणि पहिलं हजार किलोमीटरलाच बदल.

वडिलांची गाडी आहे, होऊ दे नीट. झाली की सांग.