भरूचचा गोल्डन ब्रिज: नाव, इतिहास आणि जतन

प्रश्न: मुंबई-अहमदाबाद रेल्वेप्रवासात भरूचजवळ नर्मदेवर शेजारी जो जुना लोखंडी पूल दिसतो, त्याला गोल्डन ब्रिज का म्हणतात? आणि असा पूल टिकवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर १: मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने येथे आधी बांधलेल्या पुलाचे नर्मदेच्या पुरांनी वारंवार नुकसान केले. दुरुस्तीवर इतका पैसा गेला की तेवढ्यात सोन्याचा पूल झाला असता, असे लोक म्हणू लागले. नावामागची ही लोकप्रिय कथा. सध्याचा पूल 1881 साली पूर्ण झाला. 1935 मध्ये रेल्वेसाठी शेजारी सिल्व्हर ज्युबिली पूल आला आणि जुना पूल रस्त्याच्या वाहतुकीकडे गेला. (सोन्याशेजारी चांदी, हा योगायोग गमतीचाच.)

उत्तर २: जतनाबद्दल थोडे लिहितो. त्या काळच्या पुलांत सर्रास वापरले जाणारे घडीव लोखंड आजच्या पोलादासारखे एकजिनसी नसते. त्यात धातुमळीचे (लोखंड तयार करताना उरणाऱ्या अशुद्ध द्रव्याचे) तंतू असल्यामुळे वेल्डिंग केल्यास थर सुटण्याचा धोका असतो, म्हणून निकामी रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या, ठोकून बसवलेल्या खिळ्याच्या) जागी रिव्हेट किंवा घट्ट बोल्ट बसवणेच श्रेयस्कर ठरते. खरा शत्रू सांध्यातील गंज होय, कारण दोन पत्र्यांमध्ये पाणी साचले की गंज फुगून पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो आणि वरून दिलेला नवा रंग ते केवळ झाकून टाकतो.

उत्तर ३: 2021 मध्ये शेजारी नर्मदा मैया पूल सुरू झाल्याने जुन्या पुलावरील भार उतरला आहे. माझ्या मते आता तो पादचाऱ्यांसाठीच राखावा.